बुद्धीच्या मिळकतीचा साक्षीदार

घर, शेत किंवा दागिना यांवरील मालकी सिद्ध करावयाची झाल्यास कागद कोठें मिळतो, हें प्रत्येक कुटुंबांतील वडील माणसांस ठाऊक असतें. सात-बाराचा उतारा तलाठ्याकडे, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे, दागिन्याची पावती सराफाकडे. परंतु जी मिळकत मनुष्याच्या बुद्धींतून निर्माण होते, तिचा उतारा कोणाकडे मागावयाचा? कन्येनें लिहिलेली कादंबरी, चिरंजीवांनीं रचलेली संगणकाची आज्ञावली, काकांनीं बांधलेली बंदिश, आजोबांनीं तीस वर्षें खपून सिद्ध केलेला कोश, ह्या साऱ्या मिळकतीच होत. आणि त्यांस कुंपण घालतां येत नाहीं. चोरानें त्या नेल्या तरी मूळ वस्तु घरांतच राहते, त्यामुळें चोरी झाली हेंच पुष्कळदां वर्षानुवर्षें कळत नाहीं. कळतें तेव्हां वाद बहुधा एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: आधीं कोणाजवळ होतें?

या प्रश्नास हल्लीं ‘ब्लॉकचेन’ हें नवें उत्तर मोठ्या आत्मविश्वासानें देण्यांत येतें. तिचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, आतां नोटरीच्या पायऱ्या झिजविण्याचें कारण उरलें नाहीं. संगणकावर चार कळा दाबल्या कीं कृतीची तारीख अशा ठिकाणीं कोरली जाते कीं ती ब्रह्मदेवासही पुसतां यावयाची नाहीं. जुन्या वळणाचे लोक उलट म्हणतात कीं, शिक्का, सही आणि साक्षीदार यांवांचून न्यायालयांत पान हालत नाहीं. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत सत्याचा अंश आहे. पण दोघेही निरनिराळ्या गोष्टींविषयीं बोलत आहेत, हें क्वचितच कोणी ध्यानांत घेतो. तेवढें उलगडून दाखवावें, हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हक्क आणि हक्काचा पुरावा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोटरीच्या शिक्क्यानें किंवा ब्लॉकचेनवरील नोंदीनें ग्रंथकाराचा हक्क उत्पन्न होत नाहीं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें स्वतंत्र कृति लेखणींतून उतरली कीं हक्क आपोआप जन्मास येतो. सरकारी कॉपीराइट कचेरींत ती नोंदविणें ऐच्छिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ सालच्या एका निकालांत दावा लावण्यापूर्वीं नोंदणी हवी असें मत पडलें होतें. परंतु त्याच न्यायालयानें २०२१ सालीं ‘संजय सोया’ खटल्यांत नोंदणी सक्तीची नाहीं, असा स्पष्ट निर्वाळा दिला. नोंदणी निरुपयोगी आहे असें मात्र नव्हे. कायद्याच्या ४८ व्या कलमान्वयें त्या नोंदवहींतील मजकूर प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे तो खोटा असल्यास तसें दाखविण्याचा बोजा प्रतिपक्षावर पडतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, हा कायदा रक्षण करतो तें मांडणीचें, कल्पनेचें नव्हे. आर. जी. आनंद यांचें ‘हम हिंदुस्तानी’ हें नाटक १९५४ सालीं रंगभूमीवर आलें. ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट १९५६ सालचा. दोहोंत प्रांताभिमानाचाच विषय होता आणि नाटक आधींचें याविषयीं शंका नव्हती. तरीही १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, विषय एक असला तरी त्याचा विस्तार निराळा आहे, म्हणून ही चोरी नव्हे. तारीख हातीं असली म्हणजे खटला जिंकलाच, असें समजणाऱ्यांनीं हा निकाल अवश्य लक्षांत ठेवावा.

यंत्राचा अथवा रासायनिक कृतीचा शोध असेल तर मार्गच वेगळा. तेथें १९७० चा पेटंट कायदा लागू होतो आणि जो प्रथम अर्ज दाखल करील त्याचा पाट आधीं मांडला जातो. शोध पुरता सिद्ध नसल्यास तात्पुरतें विवरण दाखल करून पूर्ण विवरणासाठीं बारा महिन्यांची मुदत मिळते. या अर्जाची जागा नोटरीचा शिक्काही घेऊं शकत नाहीं आणि ब्लॉकचेनही घेऊं शकत नाहीं.

गुपित राखून अग्रमान

आपली वस्तु उघड न करतां ती आपल्याजवळ आधीं होती हें कसें सिद्ध करावें, ही अडचण आजची नव्हे. १६१० सालीं दुर्बिणींतून शनीचें विलक्षण रूप दिसतांच गॅलिलिओनें तें एका लॅटिन वाक्यांत लिहिलें, त्यांतील अक्षरांची उलथापालथ केली आणि तो निरर्थक दिसणारा अक्षरांचा ढीग ज्योतिर्विद केप्लरपर्यंत पोंचविला. इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें १६७६ सालीं स्प्रिंगविषयींचा आपला नियम याच रीतीनें, अक्षरें वर्णक्रमानें मांडून, छापला आणि त्याचा अर्थ १६७८ सालीं प्रकट केला. आधीं अक्षरें, मागाहून अर्थ. पण अक्षरें जगासमोर अगोदर आलेलीं असल्यामुळें अग्रमान निर्विवाद.

फ्रान्समध्यें तेथील विज्ञान-अकादमीनें मोहोरबंद लखोटे स्वीकारण्याची प्रथा पाडली. लव्हाझिए यानें १७७२ च्या नोव्हेंबरांत असाच लखोटा ठेविला होता; गंधक व फॉस्फरस जळतांना वजनानें वाढतात, हें त्याचें निरीक्षण त्यांत होतें. परंतु या प्रथेंतील सर्वांत हृदयद्रावक लखोटा विसाव्या शतकांतील आहे. वोल्फगांग डोब्लिन हा बर्लिनांत जन्मलेला तरुण गणिती फ्रान्सच्या सैन्यांत शिपाई होता. फेब्रुवारी १९४० मध्यें त्यानें रणभूमीवरून आपला संभवनीयताशास्त्रावरील निबंध अकादमीकडे मोहोरबंद धाडला. त्याच वर्षीं जूनमध्यें जर्मन सैन्य जवळ येऊन ठेपल्यावर त्यानें स्वतःच्या हातानें जीवनाचा शेवट केला. तो लखोटा साठ वर्षें तसाच पडून राहिला आणि २००० सालीं कुटुंबियांच्या संमतीनें उघडला गेला. जपानी गणिती इतो यांच्या नांवानें पुढें विख्यात झालेल्या विचारांचा कांहीं भाग त्या पंचविशीच्या शिपायानें आधींच गांठला होता, हें जगास तेव्हां कळलें. तारखेचा साक्षीदार विश्वासू असला म्हणजे मेलेल्या मनुष्यासही न्याय मिळतो, तो असा.

आपल्याकडेही ही जाणीव जुनीच आहे. मराठी दप्तरांतील महजर पाहावेत. वतनाच्या तंट्याचा निवाडा लिहून झाल्यावर गोतसभेंतील लोक त्यावर आपापल्या निशाण्या करीत; पाटलाची निशाणी नांगराची असे. राजपत्राच्या शेवटीं मोर्तब उमटे, तें मजकूर येथेंच संपला हें दाखविण्यासाठीं. त्याखालीं कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती उघडी पडावी. लांब कागद खळीनें जोडलेला असल्यास जोडावरही शिक्का करीत, म्हणजे मधला ताव काढून दुसरा घालतां येत नसे. जोडावरचा हा शिक्का वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. ब्लॉकचेनची युक्ति समजण्यास तो उपयोगी पडेल.

सांखळीची युक्ति

संगणकांतील कोणत्याही लेखावर, चित्रावर किंवा ध्वनीवर एक ठराविक गणिती क्रिया केली असतां एक लहानसा आंकडा निघतो. त्यास हॅश म्हणतात. सध्यां सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या रीतीनें तो ६४ चिन्हांत लिहितां येतो; मग मूळ लेख एका ओळीचा असो वा हजार पानांचा असो. हा आंकडा म्हणजे त्या लेखाच्या आंगठ्याचा ठसाच. ठशावरून मनुष्य घडवितां येत नाहीं, तसा हॅशवरून लेख परत मिळवितां येत नाहीं. उलट लेखांतील एक अनुस्वार बदलला तरी सर्व आंकडा पालटतो. गॅलिलिओच्या अक्षरांच्या ढिगाचाच हा सुधारलेला वंशज होय.

हा ठसा अमुक दिवशीं अस्तित्वांत होता, याची ग्वाही कोणी द्यावी? अमेरिकेंतील बेलकोर या संस्थेंतील स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत यावर एक तोड सुचविली. प्रत्येक नव्या नोंदींत मागील नोंदीचा हॅश गुंफावयाचा. रोजकीर्दींत मागील पानावरील बाकी पुढील पानावर ओढतात, तसेंच हें. मधलें एक पान कोणी बदलूं गेला तर पुढील सर्व पानांची बाकी चुकते. जोडावरच्या शिक्क्याचें काम येथें गणितानें केलें. पुढें त्यांच्या कंपनीनें १९९५ पासून आठवड्याचा एकत्रित हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जाहिरातींच्या सदरांत छापण्यास आरंभ केला. छापलेलें वर्तमानपत्र हजारों घरीं व ग्रंथालयांत गेल्यावर त्यांतील आंकडा मागाहून कोण बदलणार?

२००८ सालीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत उल्लेखिलेल्या आठ संदर्भांपैकीं तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कार्याचे आहेत. आतां वर्तमानपत्राच्या जागीं जगभर पसरलेल्या हजारों संगणकांवरील एकच वही आली. तिचें नवें पान सरासरीनें दहा मिनिटांनीं जोडलें जातें. ३ जानेवारी २००९ या तारखेच्या तिच्या पहिल्याच पानांत त्या दिवशींच्या लंडनच्या ‘टाइम्स’मधील मथळा गुंफलेला आहे, म्हणजे तें पान त्या दिवसाच्या आधीं तयार झालें नाहीं हें सिद्ध. उलट एखाद्या लेखाचा हॅश या वहींत सांपडला, तर तो लेख त्या पानानंतरचा नव्हे हें सिद्ध. वेळेच्या बाबतींत तासा-दोन तासांचा फरक पडूं शकतो. परंतु वर्षाचा किंवा महिन्याचा घोटाळा करणें जवळजवळ अशक्य आहे. पीटर टॉड यांनीं २०१६ सालीं पुढें आणलेल्या ‘ओपनटाइमस्टँप्स’ या विनामूल्य साधनानें असंख्य हॅश एकत्र गुंफून एकाच नोंदींत बसवितां येतात, त्यामुळें खर्चही नाममात्रच राहतो. लेख स्वतः घराबाहेर जात नाहीं. जातो तो केवळ त्याचा ठसा.

नोटरी काय पाहतो?

नोटरीची नेमणूक १९५२ च्या कायद्यान्वयें केंद्र अथवा राज्य सरकार करतें. त्यासाठीं सामान्यतः दहा वर्षें वकिली केलेली असावी लागते. आपल्यासमोर आलेला मनुष्य कोण, हें तो ओळखपत्रावरून पाहतो, त्यास शपथ देतो, सही घेतो, मुद्रा उमटवितो आणि आपल्या नोंदवहींत अनुक्रमांकासह नोंद करतो. नोटरीच्या मुद्रेची दखल न्यायालय आपण होऊन घेतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नोटरी हा जिवंत मनुष्य असतो. त्यास साक्षीस बोलावितां येतें, प्रश्न विचारतां येतात.

परंतु त्याच्या साक्षीची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. तो कादंबरी वाचीत नाहीं. ती या मनुष्यानें स्वतः लिहिली कीं कोठून उतरून आणली, हें त्यास ठाऊक नसतें. तसें शपथेवर सांगणारा मनुष्य आपल्यासमोर उभा होता, एवढेंच तो सांगतो. पानांच्या गठ्ठ्यांतील प्रत्येक पानावर शिक्का नसल्यास मधलें पान बदललें गेलें कीं नाहीं, हेंही त्यास सांगतां यावयाचें नाहीं. शिवाय त्याची वही एकच, आणि ती कागदाची. आग, पाणी व वाळवी यांस कायद्याचें भय नसतें. क्वचित् मागील तारखेचा शिक्का मारून देणारा गृहस्थही निघतो. तात्पर्य, येथें सर्व भिस्त एका मनुष्याच्या सचोटीवर आहे.

सांखळी काय पाहत नाहीं?

ब्लॉकचेनची स्थिति याच्या नेमकी उलट आहे. वस्तु आणि वेळ यांविषयीं तिची साक्ष कोणत्याही नोटरीहून कठोर. मनुष्याविषयीं मात्र ती पूर्ण मुकी. आपल्या कन्येचें हस्तलिखित एखाद्यानें वाचावयास म्हणून नेलें आणि त्याचा हॅश आपल्या आधीं नोंदविला, तर ती वही तोही तितक्याच निर्विकारपणें जपून ठेवील. नोंदविणारा कर्ता आहे कीं चोर, हें गणितास कळत नाहीं. ‘हें या तारखेस अस्तित्वांत होतें’ आणि ‘हें माझें आहे’ हीं दोन निरनिराळीं विधानें आहेत. सांखळी पहिल्याचीच हमी घेते.

दुसरा धोका मराठी लेखकांनीं विशेषेंकरून जाणला पाहिजे. हॅश हा अर्थाचा ठसा नव्हे, तो संगणकांतील संकेतांचा ठसा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत बसविलेलें पुस्तक युनिकोडमध्यें उतरविलें, तर वाचणारास एकही अक्षर बदललेलें दिसणार नाहीं. पण आंतील सर्व संकेत बदलतात आणि जुना हॅश निरुपयोगी होतो. युनिकोडमध्येंही ‘ॲ’ हें अक्षर एका संकेतानें लिहितां येतें आणि दोन संकेत जोडूनही लिहितां येतें. फाइल नुसती उघडून पुन्हां जतन केली, एवढ्यानेंही ठसा पालटूं शकतो. म्हणून जी प्रत नोंदविली, ती जशीच्या तशी गोठवून ठेवावी लागते. ती हरवली तर वहींतील आंकडा म्हणजे कुलूप नसलेली किल्ली.

तिसरी गोष्ट संस्थांच्या आयुष्याची. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनें मे २०२० मध्यें संगणकीय तारीख-मुद्रेची ‘वायपो प्रूफ’ ही सेवा काढली आणि जानेवारी २०२२ अखेर ती बंद केली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर प्रमाणपत्रें विकणाऱ्या नव्या कंपन्यांची काय हमी? कंपनी बुडाल्यावरही जी नोंद कोणासही स्वतंत्रपणें पडताळतां येईल, तीच खरी. केवळ कंपनीच्याच संकेतस्थळावर दिसणारें सुंदर प्रमाणपत्र हा ब्लॉकचेनचा पुरावा नव्हे.

आणि फाइलवर संगणक स्वतः जी तारीख दाखवितो, तीवर तर मुळींच विसंबूं नये. आपणच सातोशी नाकामोतो आहों असा दावा क्रेग राइट या गृहस्थांनीं केला होता. लंडनच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें तो फेटाळला आणि मे महिन्यांतील विस्तृत निकालांत त्यांनीं मोठ्या प्रमाणावर बनावट कागद तयार केल्याचें नमूद केलें. त्यांतील कित्येक कागद मागील तारखांचे म्हणून पुढें करण्यांत आले होते. पुसतां न येणाऱ्या वहीचें जनकत्व सांगण्यासाठीं खोट्या तारखांचा आश्रय घ्यावा लागावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

न्यायालयाची दृष्टि

संगणकीय पुराव्याविषयीं आपला कायदा किती दक्ष आहे, हें महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणानें दाखविलें. जालना विधानसभा मतदारसंघांत २०१४ सालीं एक उमेदवारीअर्ज दुपारीं तीनच्या आंत दाखल झाला कीं नंतर, असा तंटा उपस्थित झाला. पुरावा होता कचेरींतील चलच्चित्रांचा. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं त्या प्रकरणांत ठरविलें कीं, मूळ यंत्रच न्यायालयांत हजर केलें नसेल, तर संगणकीय प्रतीबरोबर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. पुढें १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्राच्या नमुन्यांत हॅश लिहिण्याची जागाच ठेविली आहे. म्हणजे हॅश ही वस्तु आपल्या न्यायालयांस आतां परकी राहिली नाहीं.

तथापि ब्लॉकचेनवरील नोंद आपोआप खरी मानावी, असा कायदा भारतांत नाहीं. इटलीनें २०१९ सालीं अशा नोंदीस इलेक्ट्रॉनिक तारीख-मुद्रेचा दर्जा दिला. चीनमध्यें हांगचौच्या इंटरनेट न्यायालयानें जून २०१८ मध्यें कॉपीराइटच्या खटल्यांत असा पुरावा मान्य केला. आपल्याकडे मात्र ती नोंद जाणत्या साक्षीदाराकरवीं समजावून द्यावी लागेल. शिक्क्याकडे पाहतांच न्यायाधीशांस अर्थ कळतो. ६४ चिन्हांकडे पाहून तो कळत नाहीं.

घरांत काय करावें?

वरील विवेचनावरून निष्कर्ष सरळ निघतो. नोटरी मनुष्याची साक्ष देतो, सांखळी वस्तूची. एकाच्या उणेपणावर दुसऱ्याचा गुण पांघरूण घालतो. तेव्हां सवतीमत्सर सोडून दोघांस एकत्र आणावें, हेंच शहाणपण.

तें करण्याची रीतही अवघड नाहीं. कृति पूर्ण झाली म्हणजे तिची एक प्रत निश्चित करावी, तिचा हॅश काढावा आणि तो सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवावा. नंतर तोच ६४ चिन्हांचा आंकडा शपथपत्रांत लिहून, ‘ज्या फाइलचा हा हॅश आहे ती कृति माझी’ असें नोटरीसमोर शपथेवर सांगावें. आतां मनुष्य, वस्तु आणि वेळ हीं तिन्हीं एका गांठींत बांधलीं गेलीं. पानोपानीं शिक्के मारण्याचेंही कारण उरलें नाहीं. कृति मोलाची वाटत असल्यास २०१३ च्या नियमांनुसार ५०० रुपये शुल्क भरून साहित्यकृतीची सरकारी नोंदणी करावी. चित्रपटाची कथा लिहिणारांस मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या नोंदणीचा मार्गही खुला आहे. हें सर्व दुसऱ्याच्या हातीं लेख देण्यापूर्वीं व्हावें. नंतरची तारीख कितीही पक्की असली तरी ती नंतरचीच.

परंतु सर्वांत बोलका पुरावा याहूनही साधा असतो. कच्चे खर्डे, खोडलेल्या ओळी, समासांतील टिपणें, संपादकांशीं झालेला पत्रव्यवहार, हीं जपून ठेवावींत. चोराजवळ पक्की प्रत असूं शकते. घडत गेलेल्या कृतीचा इतिहास त्याच्याजवळ नसतो. कोणता शब्द कां खोडला, हें केवळ कर्ताच सांगूं शकतो. खर्डेही अधूनमधून तारीखवार नोंदवीत गेल्यास सोन्याहून पिवळें.

शेवटची गोष्ट एकत्र कुटुंबांनीं विसरूं नये. ग्रंथकाराचा हक्क त्याच्या पश्चात् साठ वर्षें टिकतो. म्हणजे तो नातवंडांपर्यंत आणि कधीं पणतवंडांपर्यंत पोंचतो. तो कोणाकडे जावा हें मृत्युपत्रांत लिहावें, आणि मृत्युपत्र कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशीं करावें. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्यानें मृत्युपत्रास संगणकीय लेखांच्या सवलतींतून वगळलेलें आहे, तेथें सांखळीचा उपयोग नाहीं. गोठविलेली प्रत कोठें आहे, नोंदीची पुरावा-फाइल कोणती, शपथपत्र कोणत्या पेटींत आहे, हें घरांतील निदान दोघांस ठाऊक असावें. डोब्लिनचा लखोटा अकादमीनें साठ वर्षें सांभाळला. आपल्या घरच्या लखोट्याची अकादमी म्हणजे आपलें घरच. शिक्का आणि सांखळी हे दोघेही उत्तम साक्षीदार आहेत, परंतु त्यांस साक्षीस बोलावणारा कोणी घरांत असेल, तरच ते बोलतील.